तुलुमला जाताना

माझा धाकटा भाऊ गेली अकरा वर्षे ह्यूस्टनला आहे. दर फोनला "आपा, एकदा या ना" म्हणायचा. दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुट्टीत अल्लाहच्या कृपेने तो योग आला आणि मी, मिस्टर, अम्मी आणि दोन्ही मुले असे पाच जण तिकडे गेलो. पहिल्याच आठवड्यात भाऊ म्हणाला, "मेक्सिकोचा समुद्र इथून विमानाने दोन-अडीच तासांवर आहे. चार दिवस जाऊन येऊ." अम्मी म्हणाली, "समुद्र बघायला एवढ्या लांब? आपल्या दाभोळला काय झालं?"

अम्मीचा प्रश्न बरोबर होता. कोकणातल्या माणसाने नुसत्या समुद्रासाठी जगाच्या दुसऱ्या टोकाला जाऊ नये. पण तुलुमला समुद्राच्या कड्यावर माया लोकांचे एक जुने तटबंदीचे शहर उभे आहे आणि त्याच मायांची आजची पिढी तिथल्या बाजारात, शेतात, हॉटेलात काम करते आहे. (या 'माया' नावाचा आपल्या मराठीतल्या मायेशी काही संबंध नाही.) आपल्या अनेक घरांतली मुले-भावंडे आज अमेरिकेत आहेत, त्यांच्याकडे जाणारे आई-वडीलही पुष्कळ. अशा कुटुंबांना उपयोग व्हावा म्हणून आमचा अनुभव लिहिते. फक्त तुलुमसाठी भारतातून खर्च करून जा, असे मी म्हणणार नाही. पण अमेरिकेपर्यंत पोहोचलाच असाल, तर जरूर जा.

कधी आणि कसे जावे

तुलुम मेक्सिकोच्या किंताना रो राज्यात, युकातान द्वीपकल्पाच्या पूर्व किनाऱ्यावर आहे. समोर कॅरिबियन समुद्र. भारतीय पासपोर्टवर मेक्सिकोचा व्हिसा लागतो, पण अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, जपान किंवा युरोपचा शेंगेन व्हिसा मुदतीत असेल, तर पर्यटनासाठी वेगळा व्हिसा लागत नाही. ही सवलत प्रत्येकाच्या पासपोर्टवर पाहिली जाते, म्हणून मुलांचे आणि वडीलधाऱ्यांचे व्हिसाही तपासा. परत अमेरिकेत यायचे असेल, तर आपला व्हिसा एकापेक्षा जास्त प्रवेशांचा आहे ना, हे आधी बघा. नियम बदलतात, तेव्हा तिकीट काढण्यापूर्वी मेक्सिकोच्या दूतावासाची ताजी माहिती घ्या.

बहुतेक लोक कॅनकूनच्या विमानतळावर उतरतात. तिथून तुलुम साधारण १३० किलोमीटर, बसने दोन तासांचा रस्ता. डिसेंबर २०२३ मध्ये तुलुमलाही नवा विमानतळ सुरू झाला आहे. माया भागातून फिरणारी नवी रेल्वेही २०२४ मध्ये तुलुमपर्यंत आली. ती जमिनीखालच्या गुहांमध्ये खांब रोवून नेली म्हणून तिथल्या पर्यावरणवाद्यांचा तिला विरोध होता आणि आहे.

डिसेंबर ते एप्रिल हवा कोरडी आणि सुखाची, पण गर्दी आणि भाव चढलेले. जून ते नोव्हेंबर हा वादळांचा काळ. आपल्या मे महिन्याच्या सुट्टीत तिथे ऊन तर असतेच, शिवाय सार्गासम नावाचे तपकिरी समुद्रशेवाळ किनाऱ्यावर ढिगाने येते. ते सडले की कुजक्या अंड्यासारखा वास सुटतो. साधारण एप्रिलपासून ऑगस्टपर्यंत हा त्रास जास्त. आम्ही नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात गेलो. एक दुपार पावसात गेली, बाकी किनारा स्वच्छ मिळाला. शाळेच्या सुट्टीला बांधलेल्या आमच्यासारख्या कुटुंबांना दिवाळीची सुट्टीच बरी.

मुक्काम कुठे

तुलुमचे दोन भाग आहेत. हमरस्त्यावरचे गाव आणि गावापासून काही किलोमीटरवर समुद्रालगतची हॉटेलांची रांग. किनाऱ्यावरची हॉटेले महाग. रात्री उशिरापर्यंत संगीत आणि मद्य तिथे चालते. कुटुंबाने गावात मुक्काम करावा हे उत्तम. आम्ही स्वयंपाकघर असलेली दोन खोल्यांची जागा घेतली. सकाळी चहा-अंडी घरी, रात्री डाळ-भात घरी. यात पैसेही वाचले आणि अम्मीच्या जेवणाची काळजीही मिटली.

मेक्सिकोत समुद्रकिनारा सार्वजनिक मालकीचा असतो, कोणत्याही हॉटेलचा नसतो. पण तिथवर जाणारी वाट हॉटेलांमधून जाते आणि ते काहीतरी खरेदी करायला लावतात. म्हणून सार्वजनिक वाट कोणती, ते मुक्कामाच्या ठिकाणी विचारून घ्या. सकाळी सात ते दहा ही कुटुंबाची वेळ. तेव्हा ऊन कमी असते आणि आसपास गोंगाट नसतो. लाल झेंडा असेल तर पाण्यात उतरू नका. निळे, शांत दिसणारे ते पाणी ओढते.

तटबंदीचे शहर

'तुलुम' याचा माया भाषेतला अर्थ तट किंवा कुंपण. जुने नाव बहुधा 'झामा', म्हणजे पहाट. पूर्वेला तोंड करून उभ्या असलेल्या या शहराला ते शोभतेही. तीन बाजूंना दगडी तट, त्यात पाच अरुंद दरवाजे आणि चौथ्या बाजूला सुमारे १२ मीटर उंचीचा कडा व खाली समुद्र. तेराव्या ते पंधराव्या शतकांत हे बंदर भरात होते. मीठ, मध, कापूस, कोको आणि हत्यारांसाठीचा काळा काचदगड होड्यांतून इथे येई-जाई. ज्याने मुरुडचा जंजिरा पाहिला आहे, त्याला समुद्र आणि तट यांचे नाते समजावून सांगावे लागत नाही.

१५१७ मध्ये स्पॅनिश जहाजे प्रथम या द्वीपकल्पाला लागली, तेव्हा एक मोठे माया गाव पाहून त्यांनी त्याला 'मोठे कैरो' असे नाव दिले. मायांच्या मंदिरांना ते आपल्या लिखाणात 'मेस्किता', म्हणजे मशीद, म्हणत. स्पेनमधले अखेरचे मुस्लिम राज्य ग्रानाडा १४९२ मध्ये पडून पंचवीसच वर्षे झाली होती. परका धर्म आणि परके शहर म्हटले की त्यांच्या डोळ्यांसमोर तेच येत होते. पुढच्या वर्षी हुआन दे ग्रिहाल्वाच्या जहाजांनी किनाऱ्यावर सेव्हिलएवढे मोठे शहर पाहिल्याची नोंद केली. ते तुलुमच असावे असे मानतात.

आत गेल्यावर समुद्राकडचा 'कास्तियो', भिंतीवर जुनी चित्रे असलेली इमारत आणि डोके खाली, पाय वर अशी कोरलेली आकृती हे तीन ठिकाणी नीट थांबून पाहा. वास्तूंवर चढायला बंदी आहे. सावली जवळजवळ नाही. सरड्यांचे मोठे भाऊबंद, इग्वाना, दगडांवर ऊन खात बसलेले असतात. माझ्या पाचवीतल्या मुलाला इमारतींपेक्षा तेच जास्त आवडले. हा परिसर आता जग्वार राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत येतो. उद्यानाचे आणि पुरातत्त्व खात्याचे तिकीट वेगवेगळे असते, म्हणून रस्त्यावरच्या दलालाकडून 'सगळे मिळून' तिकीट घेऊ नका. प्रवेशद्वारापासून बरेच चालावे लागते. गुडघे दुखणाऱ्यांनी सकाळी आठलाच यावे. रविवारी मेक्सिकोच्या नागरिकांना प्रवेश मोफत असल्याने गर्दी मोठी असते.

जळालेली पुस्तके

माया लोकांकडे स्वतःची लिपी होती, शून्याची खूण होती, आपण दहाच्या पटीत मोजतो तसे ते वीसच्या पटीत मोजत. टिंब म्हणजे एक, आडवी रेघ म्हणजे पाच, शिंपला म्हणजे शून्य. मुलांना जाण्यापूर्वी एवढे शिकवा. अवशेष बघताना त्यांना ते कामाला येते. शिंपल्याचा शून्य मी आता वर्गातही शिकवते.

झाडाच्या सालीच्या कागदावर लिहिलेली त्यांची पुस्तके होती. १५६२ मध्ये मानी या गावी दिएगो दे लांदा या पाद्र्याने ती गोळा करून जाळली. साऱ्या माया जगातली आज चारच हस्तलिखिते उरली आहेत. हे वाचताना मला १५०० च्या सुमाराची ग्रानाडा आठवली. तिथेही कार्डिनल सिस्नेरोसच्या हुकुमाने चौकात अरबी पुस्तकांची होळी झाली होती. जाळणारे हात एकाच राज्याचे होते.

'माया लोक नाहीसे झाले' असे अजूनही मुलांच्या पुस्तकांत आढळते. ते चूक आहे. २०२० च्या मेक्सिकोच्या जनगणनेत युकातानची माया भाषा बोलणाऱ्यांची संख्या पावणेआठ लाखांच्या आसपास होती. दुसरी एक गोष्ट आपल्या वाचकांना ठाऊक नसेल. चियापास राज्यातल्या सान क्रिस्तोबाल दे लास कासास या शहरात त्सोत्सिल माया समाजातली काही कुटुंबे १९९० च्या दशकापासून मुसलमान आहेत. तुलुमपासून ते फार लांब आहे, आम्ही जाऊ शकलो नाही.

जमिनीखालचे पाणी

उत्तर युकातानमध्ये जमिनीवर नद्या वाहत नाहीत. जमीन चुनखडीची. पाऊस पडला की पाणी थेट खाली झिरपते आणि गुहांमधून वाहते. गुहेचे छप्पर कोसळले की खाली निळे, गोड पाणी उघडे पडते. त्याला सेनोते म्हणतात. मायांची गावे या पाण्याच्या आधाराने वसली. तुलुमजवळच्या अशाच एका पाण्याने भरलेल्या गुहेत २००७ मध्ये पंधरा-सोळा वर्षांच्या एका मुलीचा सांगाडा सापडला. ती बारा हजार वर्षांहून जुनी. माझी नववीतली लेक ते ऐकून बराच वेळ गप्प होती.

सेनोतेत उतरण्यापूर्वी अंगाला लावलेले क्रीम, तेल, अत्तर धुऊन टाकावे लागते. तो नियम मनापासून पाळा. तेच पाणी पुढे घरांत आणि समुद्रात जाते. लाइफ जॅकेट पोहता येत असले तरी घाला. सकाळी उघडल्या उघडल्या गेलात, तर तासभर जवळजवळ तुम्हीच असता. पूर्ण बाह्यांचे, पायघोळ पोहण्याचे कपडे घातले तर कोणी वळूनही पाहत नाही. उन्हापासून बचाव म्हणून परदेशी बायकाही तसेच घालतात. सुती सलवार-कमीज मात्र पाण्यात जड होते, ती टाळा.

उत्तरेला आकुमाल आहे. नावाचा अर्थ कासवांची जागा. पोहताना खाली समुद्री कासवे चरताना दिसतात. त्यांना हात लावू नका. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला कासवांची पिल्ले समुद्रात सोडताना ज्यांनी पाहिले आहे, त्या मुलांना वेगळे सांगावे लागणार नाही.

ताटात काय येते

सर्वांत जास्त सावधगिरी इथेच. आमची चूक सांगते. पहिल्या दिवशी एका साध्या खानावळीत आम्ही "मांस नको" एवढेच सांगितले. भात, भाजी आणि काळ्या घेवड्याची दाट उसळ आली. मुलांनी आवडीने खाल्ली. दुसऱ्या दिवशी कळले की तिकडे घेवडा बहुधा डुकराच्या चरबीत परततात. वाढणाऱ्याने खोटे सांगितले नव्हते, त्याच्या दृष्टीने चरबी म्हणजे मांस नव्हे. चूक आमच्या प्रश्नाची होती. अम्मी म्हणाली, "नकळत झालं. आता विचारायला शिका."

तेव्हा हे शब्द पाठ करा. 'सिन सेर्दो' म्हणजे डुकराचे काही नको. 'सिन मान्तेका' म्हणजे चरबी नको. 'सिन अल्कोओल' म्हणजे मद्य नको. मक्याची रोटी सहसा चालते, गव्हाच्या रोटीत चरबी असू शकते, तामालमध्ये बहुतेक असतेच. कोचिनिता, लेचोन, चिचार्रोन, लोंगानिसा ही सगळी डुकराची नावे. 'शताबेन्तून' हे मधाचे म्हणून कोणी पुढे केले तर घेऊ नका, ते मद्य आहे. हलाल मांस शोधत बसण्यापेक्षा मासे खा. आचोते नावाच्या लाल बियांचा मसाला लावून केळीच्या पानात भाजलेला 'तिकिन-शिक' मासा आम्हा कोकणी माणसांना घरचाच वाटला. मात्र तळलेला मासा घेताना तेल कोणते ते विचारा.

पिण्यासाठी नळाचे पाणी नको, बाटलीचे घ्या. जास्वंदी जातीच्या लाल फुलांचे 'हामाइका' सरबत आणि तांदळाचे 'ओर्चाता' मुलांना आवडेल. आणि चिकू खा. डहाणू-घोलवडचा म्हणून आपण मिरवतो तो चिकू मुळात याच जंगलातला. त्याच्या झाडाच्या चिकापासून पूर्वी च्युइंगगम बनत असे. मिरची, पेरू, पपई हीसुद्धा अमेरिका खंडातून आपल्याकडे आलेली. अम्मीने बाजारात चिकूचा ढीग पाहिला आणि म्हणाली, "हा तर आपलाच की!" भाऊ म्हणाला, "आपला नाही अम्मी, आपण यांचा घेतला."

तव्यावरची भाकरी

तिसऱ्या दिवशी आम्ही कोबाला गेलो. तुलुमपासून पाऊण तासावर, जंगलातले माया शहर. तिथला नोओच मुल हा पिरॅमिड सुमारे ४२ मीटर उंच. आत सायकली भाड्याने मिळतात. परतताना रस्त्याकडेच्या झोपडीवजा खानावळीत थांबलो. पांढऱ्या, गळ्याशी रंगीत फुले भरलेल्या झग्यातली एक बाई हातावर थापून मक्याच्या रोट्या करत होती. मका आदल्या रात्री चुन्याच्या पाण्यात शिजवून ठेवायचा, मग दळायचा. त्यामुळे मक्यातले जीवनसत्त्व अंगी लागते. ही युक्ती तिथल्या बायकांना हजारो वर्षांपासून माहीत आहे.

अम्मी तिच्या तव्याशेजारी जाऊन बसली. दोघींना एकमेकींचा एक शब्द कळत नव्हता. अम्मीने पिठाचा गोळा मागितला आणि तांदळाची भाकरी थापतो तशी थापून दाखवली. त्या बाईने ती तव्यावर टाकली. फुगली. दोघी हसल्या. बाईचा सतरा-अठरा वर्षांचा मुलगा थोडे इंग्रजी बोलत होता. घेवड्यात चरबी असते, ते त्यानेच आम्हाला सांगितले. माझ्या लेकीने त्याला विचारले, घरी तुम्ही माया बोलता का? तो म्हणाला, "आजी आणि आई बोलतात. मला सगळं कळतं. पण मी उत्तर स्पॅनिशमध्ये देतो. हॉटेलात नोकरीला माया लागत नाही."

लेक माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "माझ्यासारखंच." अम्मी घरात आमची कोकणी बोलते. मी उत्तर कधी कोकणीत, कधी मराठीत देते. लेकीला सगळे कळते, पण तोंडातून निघते ते मराठी आणि इंग्रजी. वीस वर्षे मी उर्दू आणि मराठी शिकवते आहे, मातृभाषेवर भाषणेही केली आहेत. माझ्याच घरात हे चालले आहे, हे मला दोन समुद्रांपलीकडे, रोटीच्या तव्याजवळ दिसले. परत आल्यापासून लेक अम्मीचे शब्द वहीत लिहून घेते. अम्मी आधी हसायची, आता स्वतःच हाक मारून सांगते, "हा लिहिलास का?"

नमाज आणि स्वच्छता

आपल्याकडे किबला पश्चिमेला. सवयीने तिथेही पश्चिमेला तोंड करू नका, तिथून किबला ईशान्येला आहे. पातळ मुसल्ला आणि होकायंत्र सोबत असू द्या. आम्ही अवशेषांच्या बाहेर झाडाखाली, एकदा बसस्थानकाच्या कोपऱ्यात नमाज पढलो. कोणी हटकले नाही. स्वच्छतागृहात पाण्याची नळी नसते, म्हणून प्रत्येकाजवळ एक रिकामी बाटली हवीच. कागद मात्र बादलीत टाकायचा असतो, भांड्यात नाही.

निघण्यापूर्वी

पैसे पेसोत द्या. एटीएमने डॉलरचा किंवा रुपयांचा दर सुचवला तर नाकारून पेसोच निवडा. टॅक्सीला मीटर नाही, बसण्यापूर्वी भाडे ठरवा. हमरस्त्यावर 'कोलेक्तिवो' नावाच्या वडापच्या गाड्या स्वस्त आणि सोयीच्या. अमली पदार्थांचा धंदा या भागात आहे, म्हणून रात्री उशिरा किनाऱ्यावर फिरू नका आणि अशा वस्तू विकायला कोणी आले तर मान हलवून पुढे चला. किंताना रो राज्याचा पर्यटक कर सरकारी संकेतस्थळावरच भरा. वीज १२७ व्होल्टची, प्लग चपट्या दोन पिनांचा. फोन चार्ज होतो, आपली इस्त्री चालत नाही. घड्याळ आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे.

उर्दू जाणणाऱ्यांना स्पॅनिश परकी वाटत नाही. साखरेला 'आसुकार', तांदळाला 'आर्रोस', पोहण्याच्या तलावाला 'आल्बेर्का'. हे सगळे अरबीतून आलेले. 'असे होवो' म्हणायला ते 'ओहाला' म्हणतात. त्यात आपला अल्लाहच आहे.

आणि एक माया शब्दही शिकून जा. आभार मानताना ते 'द्योस बोओतिक' म्हणतात, म्हणजे देव तुम्हाला याची भरपाई देवो. निघताना त्या मुलाने अम्मीला तो शिकवला. अर्थ ऐकून अम्मी म्हणाली, "म्हणजे जज़ाकल्लाहच की!" आणि तिने तव्याजवळच्या बाईला दोन्ही भाषांत आभार मानले.